केबल लपवू नका, केबल जपा : पोर्चच्या कोटेशनमधली विसरलेली ओळ



पोर्चचं काम निघालं की चर्चा तीनच गोष्टींची होते. पत्रा कुठला, पाइप किती गेजचा आणि स्क्वेअर फुटाला भाव काय. भिंतीवरून लोंबकळत गेलेली काळी केबल कोणाच्याच मोजमापात नसते. खांब उभे राहतात, वेल्डर शिडीवर चढतो आणि वरून विचारतो, "दादा, ही वायर मधे येतेय, काय करू?" खालून उत्तर येतं, "बांधून टाक वर. पत्रा टाकला की दिसणार नाही."

आजचा धडा याच उत्तराबद्दल आहे. केबल दिसेनाशी करणं आणि केबल सुरक्षित करणं ही दोन वेगळी कामं आहेत. उघड्यावर लोंबणारी केबल वाईट दिसते, पण निदान दिसते तरी. सोललेली असेल तर कोणाच्या तरी लक्षात येतं. तीच केबल संरक्षणाशिवाय पत्र्याखाली कोंबली, तर खराब झालेली कळतच नाही, आणि आता तिच्या आजूबाजूला सगळं लोखंड असतं. इन्सुलेशन घासून तार पाइपला टेकली की अख्ख्या पोर्चच्या सांगाड्यात करंट उतरू शकतो. त्या खांबाला घरातलं पोरगं धरणार, आजी टेकून उभ्या राहणार, आणि पावसाळ्यात फरशी ओली असणार.

तुम्ही फॅब्रिकेशनचं काम करत असाल, छोटे ठेकेदार असाल, इलेक्ट्रिकचं दुकान काढायच्या विचारात असाल किंवा वायरमन म्हणून स्वतःचं काम सुरू करत असाल, तर ही केबल तुमच्या धंद्याचा भाग आहे. व्हिडिओत सामान हातात घेऊन दाखवलंय. इथे कामाचा क्रम आणि हिशोब लिहून देतोय, म्हणजे साइटवर मोबाइलमध्ये उघडून बघता येईल.

१. आधी ओळखा : केबल कोणाची?

साइट व्हिजिटला गेल्यावर टेप काढण्याआधी भिंतीकडे बघा. एका साध्या बंगल्याच्या दर्शनी भिंतीवर चार प्रकारच्या केबल सापडतात.

पहिली, पोलवरून मीटरपर्यंत येणारी सर्व्हिस केबल. ही आपल्या हद्दीत येत नाही. तिला हात लावायचा नाही, सरकवायची नाही, मीटरचं सील तर अजिबात उघडायचं नाही. पोर्चमुळे ती हलवावी लागणार असेल तर ग्राहकाने वीज कंपनीकडे (आपल्याकडे बहुतेक ठिकाणी महावितरण) रीतसर अर्ज करायचा. याला वेळ लागतो, म्हणून हा विषय पहिल्याच भेटीत काढायचा.

दुसरी, मीटरपासून घरातल्या मेन स्विचपर्यंत जाणारी. ही घरमालकाची. पण लक्षात घ्या, घरातला मेन बंद केला तरी या केबलमध्ये वीज असते, कारण ती मेनच्या आधी आहे. अनेक जण इथेच फसतात.

तिसरी, मेननंतरची. बाहेरचा दिवा, बोअरची मोटर, गेटची बेल. यातही दोन अपवाद. इन्व्हर्टरवर असलेली लाइन मेन बंद केल्यावरही चालू राहते. आणि छतावर सोलर असेल तर पॅनेलकडून खाली येणाऱ्या डीसी केबलमध्ये ऊन असेपर्यंत व्होल्टेज असतं. २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आल्यापासून घरांवर सोलर वाढलंय, त्यामुळे "छतावर सोलर आहे का?" हा प्रश्न आता विचारायलाच हवा.

चौथी, सीसीटीव्ही, इंटरनेट, डिश. धक्क्याचा धोका कमी, पण तुटली की ग्राहकाचा फोन नक्की.

प्रत्येक केबलचा फोटो काढा आणि वहीत लिहा : कुठून येते, कुठे जाते, कोणाची आहे. दहा मिनिटांचं काम आहे.

शेवटी मान वर करून बघा. नव्या पोर्चच्या छतावरून किंवा बाजूने उघड्या तारांची लाइन जाते का? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे ६५० व्होल्टपर्यंतच्या लाइनला इमारतीच्या सर्वांत उंच भागापासून उभं अंतर किमान २.५ मीटर आणि बाजूने जात असेल तर आडवं अंतर किमान १.२ मीटर लागतं. व्हरांड्याचं छत आणि उतरतं पत्र्याचं छतही यात धरलंय. म्हणजे घर नियमात बसत होतं, पण पोर्च पुढे आल्यावर बसत नाही, असं होऊ शकतं. अशा वेळी डिझाइन बदलायचं किंवा आधी वीज कंपनीकडे जायचं. ऑर्डर हातची जाईल म्हणून गप्प बसायचं नाही.

२. हे काम कोणी करायचं?

मीटरपुढच्या वायरिंगचं काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून व्हायला हवं, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. फॅब्रिकेटर कितीही हुशार असला तरी हे काम त्याचं नाही.

यात नवीन उद्योजकाचं नुकसान नाही, उलट फायदा आहे. जवळच्या एका परवानाधारक माणसाशी कायमची ओळख ठेवा. तुम्ही त्याला वर्षभर कामं देता, तो तुमच्या तारखेला येतो. ग्राहकाला वेल्डर, गवंडी आणि वायरमन अशा तिघांच्या मागे फिरायचं नसतं. त्याला एकच माणूस जबाबदार हवा असतो. तो माणूस तुम्ही व्हायचं, आणि त्या जबाबदारीचे पैसे हक्काने घ्यायचे.

३. क्रम : आधी केबल, मग वेल्डिंग

बहुतेक साइटवर उलटं चालतं. पोर्च पूर्ण होतो आणि मग "लाइटवाल्याला बोलवा" म्हणतात. तोपर्यंत केबलवर वेल्डिंगच्या ठिणग्या पडलेल्या असतात, कटर फिरलेला असतो, अँकर बोल्टसाठी भिंतीत ड्रिल घुसलेलं असतं. योग्य क्रम असा :

१. परवानाधारक वायरमन येऊन सप्लाय बंद करतो आणि टेस्टरने नाही तर मीटरने खात्री करतो. इन्व्हर्टर आणि सोलरची लाइनही बंद.
२. केबल नव्या मार्गाने नेली जाते किंवा पाइपात घेतली जाते. जुनी, तडकलेली केबल असेल तर बदलली जाते. टेप गुंडाळून जुनीच पुढे ढकलायची नाही.
३. मेगरने टेस्टिंग.
४. मग खांब, वेल्डिंग, पत्रा.
५. शेवटी दिवे, पंखा, पॉइंट.

वेल्डिंग चालू असताना जवळून जाणारी केबल झाकून ठेवा आणि वेल्डिंग मशीनचा अर्थ क्लॅम्प ज्या पाइपवर काम चाललंय त्यालाच लावा. घराच्या अर्थिंगच्या वायरला किंवा नळाच्या पाइपला लावायचा नाही. वेल्डिंगचा करंट नको त्या वाटेने फिरला तर घराची अर्थिंगची वायरच जळू शकते.

४. केबल न्यायच्या वाटा

*भिंतीवरून, पाइपात.* चालू घरात सगळ्यात सोपी वाट. हलका पाइप घेऊ नका, मीडियम किंवा हेवी ग्रेडचा आयएसआय पीव्हीसी पाइप घ्या. सॅडल दर ६० सेमीला, आणि बेंड किंवा कपलरच्या दोन्ही बाजूंना जवळ एकेक. जिथे थेट ऊन येतं तिथे साधं पीव्हीसी काही वर्षांत ठिसूळ होतं, तिथे जीआय पाइप किंवा उन्हासाठी बनवलेला पाइप वापरा. जीआय वापरला तर त्याला अर्थिंग द्यायचं आणि पाइपाच्या तोंडाला बुश लावायचा, नाहीतर कापलेली कडाच केबल सोलते. सायकल, मोटारसायकल, कुंड्या टेकतात त्या उंचीपर्यंत लोखंडी पाइप केव्हाही बरा.

*भिंतीत झिरी मारून.* दिसायला सुंदर. पण झिरी सरळ उभी किंवा सरळ आडवी हवी, तिरकी नको. पुढे कोणी खिळा मारताना पॉइंटच्या सरळ रेषेत वायर असेल असा अंदाज बांधतो, तिरक्या वायरचा अंदाज कोणालाच येत नाही. पाइप टाकूनच केबल न्यायची, केबलवर थेट प्लास्टर करायचं नाही. बुजवण्याआधी भिंतीला टेप लावून फोटो काढायचा.

*जमिनीखालून.* मोटर किंवा गेटकडे जायचं असेल आणि पोर्चची फरशी अजून व्हायची असेल, तर हीच वेळ. आर्मर्ड केबल घ्या. कमी दाबाच्या केबलसाठी भारतीय मानकात किमान ७५० मिमी खोली दिली आहे. खाली-वर वाळू, वर विटा आणि त्यावर इशारा देणारी पट्टी. फरशीखालून जाणारा भाग मोठ्या पाइपातून न्या आणि शेजारी एक रिकामा पाइप आत तार ओवून टाकून ठेवा. उद्या ग्राहकाने इलेक्ट्रिक गाडी घेतली तर फरशी फोडावी लागणार नाही. केबल वळवताना काटकोनात मोडायची नाही. अनेक कोअरच्या आर्मर्ड केबलला बाहेरच्या व्यासाच्या साधारण १२ पट त्रिज्येचं वळण लागतं.

*पोर्चच्या लोखंडी पाइपातून.* ही वाट टाळा. ग्राहकाला ही कल्पना फार आवडते, कारण काहीच दिसत नाही. पण पत्रा बसवणारा सेल्फ ड्रिलिंग स्क्रू नेमका त्याच पाइपात घुसतो. आत वायर आहे हे वरच्या माणसाला माहीत नसतं. आज घुसला नाही तर तीन वर्षांनी पत्रा बदलताना घुसेल. शिवाय पाइप कापलेल्या ठिकाणी आत धार असते आणि वेल्डिंगचे गोळे असतात.

कुठलीही वाट घेतली तरी चार नियम सारखेच. एक, जोड पाइपात लपवायचा नाही, जंक्शन बॉक्समध्येच ठेवायचा. बाहेरचा बॉक्स आयपी ६५ दर्जाचा असला तर पावसाची झड आत शिरत नाही. दोन, केबल बॉक्समध्ये खालून शिरली पाहिजे. शिरण्याआधी तिला थोडा झोल द्या, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी गळून पडतं. तीन, पाइप ठासून भरायचा नाही, आणि तापणाऱ्या पत्र्याला चिकटवून न्यायचा नाही. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. उन्हाळ्यात पत्र्याखालची जागा आधीच तापलेली असते, त्यात लोडची उष्णता वाढली की केबलचं आयुष्य घटतं. चार, विजेच्या पाइपात इंटरनेट किंवा सीसीटीव्हीची वायर घालायची नाही. त्यांचा पाइप वेगळा.

लोखंडी पोर्चवर दिवा, पंखा बसणार असेल तर सांगाडा घराच्या अर्थिंगला जोडून घ्या आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते बघा. नसेल तर कोटेशनमध्ये लिहा.

५. आता हिशोब

कोटेशनमध्ये ही ओळ वेगळी लिहायची. "इलेक्ट्रिक काम लमसम" असं मोघम लिहिलंत की भांडणाची सोय तुम्हीच करून ठेवलीत. समजा भिंतीवरून ९ मीटर केबल पाइपात न्यायची आहे. ३ मीटरचे ३ पाइप लागतात, तुटफूट धरून ४ घ्या. ६० सेमीला एक या हिशोबाने १५ सॅडल, बेंडजवळचे धरून २० घ्या. बॉक्स २, बेंड ४, स्क्रू, प्लग, केबल. दर तुमच्या बाजारात विचारून घ्या. मी फक्त पद्धत दाखवण्यासाठी आकडे धरतोय :

सामान : २,४०० रुपये
वायरमनची मजुरी : १,५०० रुपये
वाहतूक : ३०० रुपये
किरकोळ आणि अडचणीसाठी : ३०० रुपये
एकूण खर्च : ४,५०० रुपये

आता नवीन माणूस काय करतो? "मला २५ टक्के सुटले पाहिजेत" म्हणून ४,५०० वर २५ टक्के चढवतो. होतात ५,६२५. सुटले १,१२५. पण ५,६२५ मध्ये १,१२५ म्हणजे २० टक्केच. विक्रीच्या रकमेवर २५ टक्के हवे असतील तर खर्चाला ०.७५ ने भागायचं : ४,५०० भागिले ०.७५, म्हणजे ६,०००. सुटले १,५००. फरक ३७५ रुपयांचा. वर्षात असली ४० कामं केलीत तर १५,००० रुपये तुम्ही स्वतःच्या हाताने सोडून देताय.

कोटेशनच्या खाली दोन रकाने हवेत. "यात काय येतं" आणि "यात काय येत नाही". दुसऱ्या रकान्यात स्पष्ट लिहा : सर्व्हिस केबल किंवा मीटर हलवणं, वीज कंपनीचं शुल्क, घरातलं जुनं वायरिंग. सामानासाठी ॲडव्हान्स आधी घ्या, उरलेली रक्कम टेस्टिंग दाखवल्यावर.

६. ग्राहकाशी बोलणं

ग्राहक म्हणणारच, "अरे, समोरचा तर याचे पैसेच लावत नाहीये." इथे समोरच्याची निंदा करायची नाही आणि घाबरवायचंही नाही. साधं बोला :

"काका, त्यांनी केबल धरलीच नसेल. मी धरलीय. हे बघा फोटो, ही केबल आत्ता इथून जाते आणि आपला खांब इथे येतोय. ती पाइपात घेऊन बाजूने नेतो."

"पत्र्याखाली बांधून टाक की. दिसणार थोडीच आहे?"

"दिसणार नाही, तेच तर नको आहे. उद्या खराब झाली तर तुम्हाला कळणार नाही, आणि सगळा पोर्च लोखंडाचा आहे. हा खर्च नको असेल तर तुमच्या नेहमीच्या लायसनवाल्या वायरमनकडून करून घ्या, माझी काही हरकत नाही. फक्त ते झाल्यावरच आम्ही वेल्डिंग सुरू करू."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे. ग्राहकाला पर्याय आहे तो काम कोणाकडून करून घ्यायचं याचा. करायचं की नाही, याला पर्याय नाही. भाव कमी करायचा असेल तर पत्र्याच्या रंगात करा, डिझाइनमध्ये करा. ही ओळ खोडून काम घ्यायचं नाही. शिडीवर चढणारा पोरगा तुमच्याकडे कामाला आलाय, त्याच्या घरी उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. आणि एखादा ग्राहक ऐकतच नसेल, तर ते काम सोडा. महिन्यात एक काम गेल्याने दुकान बंद पडत नाही.

७. काम सोपवताना

इथे बरेच जण घाई करतात. पैसे मिळाले, निघाले. तुम्ही पंधरा मिनिटं जास्त द्या.

वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या. सप्लाय बंद आणि उपकरणं सोडवलेली असताना रीडिंग १ मेगाओमच्या खाली असता कामा नये. नवीन केबलला ते त्याहून कितीतरी जास्त यायला हवं. आलेला आकडा कागदावर लिहा. आरसीसीबीचं टेस्ट बटण ग्राहकाच्या हाताने दाबून दाखवा आणि ते अधूनमधून दाबायला सांगा.

मग एक पान द्या : केबल कुठून कुठे गेली याचा हाताने काढलेला नकाशा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनची मापं, केबलचा आकार आणि कंपनी, टेस्टिंगची तारीख, वायरमनचा परवाना क्रमांक, तुमचा फोन नंबर. बुजवण्याआधीचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा आणि या पानाची प्रिंट मीटर बॉक्सच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा.

पाच वर्षांनी त्या भिंतीत कोणी ड्रिल मारायला आला, तर तो आधी हे पान बघेल. त्याचा हात वाचेल. आणि पानावर नंबर तुमचा असल्यामुळे पुढच्या कामाचा फोनही बहुधा तुम्हालाच येईल. छोट्या धंद्यात जाहिरातीचं बजेट नसतं, असली पानं असतात.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या स्वतःच्या किंवा शेजारच्या घराच्या दर्शनी भिंतीवरच्या सगळ्या केबल मोजा आणि वरच्या चार प्रकारांत वाटून लिहा. हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

२. जवळच्या दोन परवानाधारक ठेकेदारांना भेटा. परवाना बघा, दर विचारा, कामाची तारीख पाळतात का ते त्यांच्या जुन्या ग्राहकाला विचारा.

३. तुमच्या बाजारातले दर घेऊन ९ मीटरच्या कामाचं कोटेशन बनवा. "काय येतं" आणि "काय येत नाही" हे दोन्ही रकाने भरा.

४. सोपवण्याच्या पानाचा कोरा नमुना तयार करून त्याच्या दहा प्रती गाडीच्या डिकीत ठेवा.

पुढच्या भागात पोर्चच्या कामात ॲडव्हान्स किती घ्यायचा आणि उरलेली रक्कम अडकू नये म्हणून टप्पे कसे पाडायचे, ते बघूया. तोपर्यंत कोटेशनमध्ये ही ओळ लिहायला विसरू नका.